सोलरच्या आधी लाईट बिल दाखवा

आमच्या अंबाजोगाईत सध्या ज्याला बघावं तो छतावर तीन किलोवॅटचं सोलर बसवायचं म्हणायलाय. लग्नात भेटला तरी तीन किलोवॅट, दवाखान्याच्या रांगेत भेटला तरी तीन किलोवॅट. आणि तुमचं महिन्याचं युनिट किती पडतं असं विचारलं की गप्प. रुपये सांगतात, "लई यायलंय भाऊ, अठराशे आलंय ह्या टायमाला." अहो रुपये नका सांगू, युनिट सांगा. बिलाच्या कागदावरच मागच्या महिन्यांच्या वापराचा उभ्या पट्ट्यांचा आलेख छापलेला असतो, पण ते बिल भरल्या भरल्या खिळ्याला अडकवायचं एवढंच आपल्याला माहिती.

मी काही सोलरवाला नाही हे आधीच सांगतो. मोंढ्याजवळ माझं मोटर रिवायंडिंगचं आणि घरगुती वायरिंगच्या सामानाचं छोटं दुकान आहे. पण लोकांना एजंटचा भरवसा वाटत नाही आणि महावितरणच्या ऑफिसात विचारायला लाज वाटते, मग ते माझ्याकडं बिल घेऊन येतात आणि मी बघतो. त्याचे पैसे घेत नाही. बायको म्हणते निदान चहाचे तरी घ्या, कारण चहा आमच्याच घरून जातो. तर ह्या बिलं बघण्यातून जे काय ध्यानात आलं ते एकदा लिहून काढावं म्हणलं, म्हणजे प्रत्येकाला तेच ते सांगायचा त्रास वाचेल.

आधी तीन किलोवॅटचं खूळ कुठून आलं ते बघू. १३ फेब्रुवारी २०२४ ला केंद्र सरकारनं पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना आणली, एक कोटी घरांवर सोलर बसवायचं. त्यात पहिल्या दोन किलोवॅटला किलोवॅटमागं ३०,००० रुपये सबसिडी, तिसऱ्याला १८,०००, झाले ७८,०००. त्याच्या पुढं पाच बसवा नाहीतर दहा बसवा, ७८ हजारच. आता गंमत बघा, सबसिडीचा आकडा तीनवर येऊन थांबतो म्हणून विकणाऱ्याची गाडी पण तीनवरच येऊन थांबते. "फुल सबसिडी घ्या ना काका, सोडता कशाला?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. पण तिसऱ्या किलोवॅटला सरकार १८ हजारच देतं, उरलेले तुमच्या खिशातून जातात, आणि ते किलोवॅट तुम्हाला लागतंय का नाही हे कोणी विचारत नाही.

आपल्याकडं एक किलोवॅट म्हणजे दिवसाला सरासरी चार युनिट धरा, महिन्याला १२०. ऊन आपल्याकडं कमी नाही हे मराठवाड्याच्या माणसाला सांगायची गरज नाही. म्हणजे तीन किलोवॅट झालं ३६० युनिट. आता मी जी बिलं बघतो त्यातली निम्मी घरं दीडशे युनिटच्या आतली. कूलर सुरू झाला की तीनशेला टेकतात आणि पावसाळ्यात परत शंभरावर येतात. ह्या घरांनी ३६० युनिटचं काय करायचं? जास्तीचं युनिट ग्रीडमध्ये, म्हणजे महावितरणच्या तारांत जातं, पुढच्या महिन्यात वळतं होतं, हे खरंय. पण ते मार्चअखेरपर्यंतच. ३१ मार्चला हिशोब होतो आणि जे उरलं ते महावितरण घेतं ते कमी दरानं, तुम्ही ज्या दरानं विकत घेता त्या दरानं नाही. म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्याला स्वस्तात वीज पुरवायला तुम्ही कर्ज काढलं असं होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे स्लॅब. ० ते १०० युनिटचा दर वेगळा, १०१ ते ३०० चा वेगळा, आणि ह्या दोघांत थोडाथोडका फरक नाही, शंभराच्या पुढचं युनिट जवळपास दुपटीच्या भावात पडतं. त्यावर परत वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि ह्या सगळ्या बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क. म्हणून बिलात वाचवायचं असेल तर वरची युनिटं वाचवायची, खालची नाही. सोलरचं युनिट सुद्धा आधी वरचीच युनिटं खातं. ज्याचा वापर २५० आहे त्याला पहिलं किलोवॅट सगळ्यात जास्त पैसे वाचवून देतं, दुसरं त्याच्यापेक्षा कमी, आणि तिसरं जवळपास काहीच नाही. हे कागदावर आकडे मांडून दाखवलं की माणूस पाच मिनिटात समजतो, पण एजंटच्या रंगीत कागदावर हा हिशोब कधी बघितला नाही मी.

आणि "झिरो बिल" असं काही नसतं बरं का. स्थिर आकार म्हणून एक ओळ असते, ती सोलर असो नसो येणारच. शेजारच्या आबांना झिरो बिल सांगून सोलर दिलं, पहिल्या महिन्यात दीडशेच्या आसपास बिल आलं तर ते भांडायला निघाले होते. अठराशेचं दीडशे झालं ह्याचा आनंद नाही, झिरो का नाही ह्याचा राग.

आता आमच्या गल्लीतल्या काकूंची गोष्ट सांगतो, म्हणजे बिल बघणं म्हणजे काय ते कळेल. काका-काकू दोघंच, शाळेतून रिटायर, वरती स्लॅबची मोठी गच्ची. एजंटनं अर्थातच तीन किलोवॅट सांगितलेलं. मी गेलो, वर्षभराची बेरीज केली, सरासरी दीडशेच्या थोडं पुढं. म्हणलं काकू, आधी घर बघू द्या. चार पंखे, सगळे जुने, ७५ वॅटचे, त्यातले दोन दिवस-रात्र चालू. असा एक पंखा पंधरा तास चालला की महिन्याला ३४ युनिट जातात. तोच नवा, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास खातो, १३-१४ युनिट. दोन पंखे बदलले की ४० युनिट गेलं. रेग्युलेटरवर पंखा स्लो ठेवून पैसे वाचवणाऱ्या लोकांना हा हिशोब नुसता दाखवून भागत नाही, पंखा लावून एक महिना थांबावं लागतं.

सेट टॉप बॉक्स चोवीस तास चालू. टीव्ही रिमोटनं बंद केला की सगळं बंद झालं असं वाटतं, पण बॉक्स आपला गरम. हात लावून बघा, गरम असला की खातोय. दहा वॅट धरले तरी महिन्याला सात युनिट. आणि सगळ्यात मोठं सापडलं ते गच्चीवर. बोअरची दीड एचपीची मोटर, टाकी भरल्याचं कळत नाही, शेजारणीनं हाक मारली की बंद करायची. रोज अर्धा तास नुसती वाहती टाकी. त्या अर्ध्या तासाचे महिन्याला वीसेक युनिट, आणि पाणी गेलं ते वेगळंच, आपल्या भागात पाणी असं सोडून द्यायचं म्हणजे पाप आहे. टाकी भरली की मोटर आपोआप बंद करणारा तीन-चारशे रुपयांचा फ्लोट स्विच लावला. फ्रिजच्या दाराचं रबर सैल झालेलं, दारात कागद अडकवून ओढला तर सुळकन निघाला, ते बदललं. ह्या सगळ्याचा मिळून खर्च दहा हजाराच्या आत आणि वापर शंभर युनिटच्या आसपास आला, कूलरचे महिने सोडून.

मग मी म्हणलं काकू, आता तुम्हाला एकच किलोवॅट पुरे. तर काकू गच्चीवर घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "ते किलोवॅट-फिलोवॅट राहू दे, मला आधी सांग मी वाळवण कुठं घालायचं?"

हा प्रश्न एकाही माहितीपत्रकात नाही. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडं गच्ची म्हणजे कुरडया, शेवया, पापड, सांडगे, वर्षाची तूरडाळ, हळद, मिरच्या. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट सावली नसलेली जागा लागते, आणि स्वस्तातलं स्ट्रक्चर गच्चीला टेकून दोन फुटावर उभं करतात, म्हणजे तेवढी जागा गेलीच. पैसे थोडे जास्त जातात पण सात-आठ फूट उंच स्ट्रक्चर करून घेतलं तर खालून माणूस ताठ चालतो, दोऱ्या बांधता येतात, आणि पॅनलच्या सावलीमुळं खालची खोली उन्हाळ्यात चांगली गार राहते, हा फायदा तर कोणी सांगतच नाही. काकूंच्या गच्चीवर दक्षिणेला पॅनल उंचावर घेतलं आणि उत्तरेची मोकळी बाजू पॅनलच्या सावलीच्या पलीकडं वाळवणाला ठेवली. सावलीचा हिशोब पण त्याच गच्चीवर केला. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला इतका कलतो की दुपारी बाराला सुद्धा जवळपास वस्तूच्या उंचीएवढी सावली उत्तरेला पडते, सकाळ-संध्याकाळ त्याहून लांब. त्यामुळं मे महिन्यात येऊन "इथं सावली नाही" म्हणणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नका, काळी टाकी दक्षिणेला असली तर हिवाळ्यात ती पॅनलवर येणारच. आणि एका पॅनलवर थोडी जरी सावली पडली तरी त्याच ओळीतली बाकीची पण ढिली पडतात.

शेवटी काकूंनी दोन किलोवॅट घेतले. कारण मुलगा पुण्याहून येऊन वर्षभर घरूनच काम करणार आहे आणि त्याच्या खोलीत एसी बसणार आहे, दीड टनाचा. असं असतं, हिशोब कितीही नीट करा, घरात माणूस वाढला की बदलतो. पण विचार करून दोन घेणं वेगळं आणि सबसिडीचा आकडा बघून तीन घेणं वेगळं.

वानरांचं पण सांगायला पाहिजे. अंबाजोगाईच्या डोंगराकडच्या घरांवर वानरं येतात आणि त्यांना पॅनलवर बसायला भारी आवडतं. काच सहसा फुटत नाही, ती टफन असते, २५ मिलिमीटरच्या गारांचा मारा करून टेस्ट केलेली असते. पण केबल ओढतात. वायर उघडी न सोडता पाईपातून घेतली का हे काम चालू असतानाच बघायचं, नंतर कोणी येत नाही. आणि स्ट्रक्चर बसवताना स्लॅबला भोकं पाडली की पहिल्या पावसात घर गळतं, तेव्हा सिमेंटचे ठोकळे ओतून त्यावर उभं करा म्हणून हट्ट धरा. वळवाच्या पावसाआधी जे वावधान सुटतं त्यात पत्रे उडालेले आपण सगळ्यांनी बघितलेत, त्यामुळं ठोकळ्याच्या वजनात काटकसर करू देऊ नका.

पत्र्याच्या घरांचं काय, असं लई जण विचारतात. पत्र्यावर पण बसतं, लोखंडी कैचीला क्लॅम्प मारून, पण कैचीत दम पाहिजे, एक पॅनल २५-३० किलोचं असतं. माळवदाच्या घरावर मात्र माझा नकारच. मातीच्या धाब्यावर पाया धरत नाही. वाड्यात कुठं एखादी नंतर बांधलेली स्लॅबची खोली असते, ती बघा. आणि पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात जो भट्टा होतो त्यावर सोलरच्या आधी गावाकडचा उपाय करून बघा, पत्र्यावर तुराट्या नाहीतर पऱ्हाट्या पसरा, नाहीतर पांढरा चुना मारा. कूलर दोन तास उशिरा लावावा लागतो, एवढं नक्की.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. लाईट गेली की सोलर चालू राहतं असं दहातल्या आठ लोकांना वाटतं. नाही राहत. साधं ऑनग्रिड सोलर लाईट गेली की स्वतः बंद पडतं, आणि ते मुद्दाम तसं केलेलं असतं, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या घरची वीज मारेल. भर दुपारी वरती लख्ख ऊन आणि खाली पंखा बंद, हे बघून माणूस चिडतोच. बॅटरीचं पाहिजे तर हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागतो, त्याचा खर्च वेगळा आणि बॅटरी काही वर्षांनी बदलायचा खर्च त्याहून वेगळा. ज्यांच्याकडं आधीच साधा इन्व्हर्टर-बॅटरी आहे त्यांनी तोच ठेवावा, लाईट गेल्यावर दोन पंखे आणि दिवे त्यावर भागतात.

ह्याचीच दुसरी बाजू खेड्यातल्यांसाठी. तुमच्या फीडरवर दिवसा लाईट किती तास असते हे आधी बघा. दुपारी ११ ते २ रोज जात असेल तर तेवढ्या वेळात पॅनल काहीच देणार नाही, आणि दिवसाची जवळपास निम्मी वीज त्याच वेळात होते. व्होल्टेज पण बघा. डीपीच्या अगदी जवळ असलेल्या घरात दुपारी कधी कधी व्होल्टेज इतकं चढतं की सोलरचा इन्व्हर्टर ट्रिप होतो, परत चालू होतो, परत ट्रिप. माणूस म्हणतो पॅनल खराब निघालं. पॅनल ठणठणीत असतं, एक मल्टिमीटर घेऊन दुपारी सॉकेटला लावलं की कळतं.

उन्हाळ्याचं अजून एक. सगळ्यांना वाटतं मे महिन्यात युनिटांचा पाऊस पडेल. तसं होत नाही. पॅनलचे वॅट मोजतात ते पॅनल २५ डिग्रीला असताना, आणि आपल्याकडं मे मध्ये छतावरचं पॅनल ६०-६५ डिग्रीला जातं. दर डिग्रीला साधारण ०.३५ टक्के घटतं, म्हणजे भर दुपारी बारा ते चौदा टक्के कमीच. त्यामुळं एप्रिलपेक्षा मे मध्ये कमी युनिट आले तर घाबरून फोन करू नका. जुलै-ऑगस्टमध्ये तर पडणारच.

आणि धूळ. फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत पॅनलवर थर बसतो, मळणीच्या दिवसात तर विचारू नका. पुसायला पाहिजे, पण बोअरच्या पाण्यानं धुवून तसंच वाळू देऊ नका. आपल्या बोअरचं पाणी किती जड आहे ते बादलीच्या कडेला बघा, पांढरा थर असतो का नाही? तोच थर काचेवर बसतो आणि मग तो घासून पण निघत नाही. एका ओळखीच्यानं तर फिल्टरमधून बाहेर पडणारं टाकाऊ पाणी "वाया कशाला घालवायचं" म्हणून वापरलं, त्यात तर क्षार अजून जास्त. नळाला नदी-धरणाचं पाणी आलं त्या दिवशी धुवा, सकाळी ऊन चढायच्या आत, आणि लांब दांडीच्या वायपरनं लगेच निपटून काढा. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका.

पाण्यावरून आठवलं. आमच्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर परळी. लहानपणी रात्री तिकडच्या आकाशात उजेड दिसायचा, थर्मलचा. २०१५ च्या दुष्काळात ते अख्खं औष्णिक केंद्र बंद पडलं ते कोळशावाचून नाही, पाण्यावाचून, खडका बंधारा कोरडा पडला म्हणून. पुढच्या वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं हे तर सगळ्या देशानं बघितलं. कोळशाच्या विजेला पाणी किती लागतं हे आपल्याइतकं कोणाला कळणार? त्यामानानं छतावरच्या पॅनलला दोन-तीन बादल्या, त्या पण महिन्यातून एक-दोनदा. मला सोलर पटलं ते ह्या हिशोबानं. बिलाचं नंतर.

पण हाच हिशोब शेतातल्या पंपाला लावला की मी जरा अडखळतो. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत शेतकऱ्यानं १० टक्के भरायचे, एससी-एसटी असेल तर ५ टक्के, अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५ आणि त्याच्या पुढं साडेसात. रात्री दोनला उठून साप-विंचवात दारं धरायला जायचं वाचलं, ह्याच्यासारखं सुख नाही, माझे मामा हे बोलताना अजून हात जोडतात. पण फुकटच्या उन्हावर बोअर दिवसभर चालू राहतं, बंद करायला कोणाला आठवतच नाही, कारण बिलाची भीती नाही. आधी लाईटीचे आठ तास होते ते एका अर्थानं बोअरला ब्रेकच होता. मामांना म्हणलं, पंप घ्या, पण आधी ठिबक करा. त्यांनी ऐकून घेतलं, केलं का नाही ते पुढच्या वेळी गेलो की कळेल.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो कारण ते वाचून कंटाळा येतो, पण निम्मे अर्ज इथंच अडकतात. मीटर आजोबांच्या नावावर. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली, बिल अजून त्यांच्याच नावानं येतं आणि आपण इमानानं भरतो. घर वडिलांच्या आणि दोन चुलत्यांच्या नावावर, गच्ची सगळ्यांची. आधी चुलत्यांना बसवून बोला, मग मीटरचं नाव बदलून घ्या, थकबाकी असेल तर भरा, आणि मगच पोर्टलवर अर्ज करा. बँक खातं त्याच नावाचं पाहिजे. आणि पॅनल डीसीआर पाहिजे, म्हणजे सेल आणि पॅनल दोन्ही भारतात बनलेले, तरच सबसिडी. स्वस्तात देतो म्हणणारा बिगर-डीसीआर टेकवतो आणि मग सबसिडी येत नाही. दहा किलोवॅटपर्यंत आता तांत्रिक तपासणीसाठी अर्ज लटकत नाही, हे नियम बदलल्यानं बरं झालं. बँकेचं कर्ज पण ह्या योजनेत तारण न ठेवता मिळतं, सावकाराकडं जायची काही गरज नाही.

धंदेवाल्यांना ही सबसिडी नाही. हे ऐकलं की दुकानदार तोंड पाडतात. पण मी त्यांना उलटं सांगतो, सोलरचा खरा फायदा तुम्हालाच आहे, कारण तुमचा वापर दिवसा आणि तुमचा दर घरगुतीपेक्षा चढा. वर इन्कम टॅक्समध्ये ४० टक्के घसारा मिळतो, तुमच्या सीएला विचारा. फक्त त्यांना पण आधी दुकान बघू द्या म्हणतो.

आमच्याकडं एक पिठाची गिरणी आहे, दहा एचपीची मोटर, माझ्याकडंच दोन-तीनदा वायंडिंगला आलेली. त्या भाभींचं बिल बघून डोळे फिरले. मालक वारल्यापासून भाभी आणि त्यांचा मुलगा चालवतात. गेलो, वायरभोवती अडकवून करंट मोजायचा टाँग टेस्टर लावला, लोडवर सतरा अँपिअर. दहा एचपीला चौदाच्या आसपास पाहिजे. पट्टे सैल, एक तर उलटा झालेला, आणि दगडाला कित्येक महिने टाकी लावलेली नाही, म्हणजे छिन्नीनं टोचून धार केलेली नाही. पीठ हातात घेतलं तर चटका बसत होता. दगड बोथट झाला की दाणा कातरला जात नाही, नुसता घासला जातो, पीठ तापतं आणि मोटर जास्त खाते, पिठाची चव जाते ते वेगळं. आणि गिऱ्हाईक नसलं तरी मोटर चालूच, कारण "सारखं चालू-बंद केलं तर जास्त लाईट लागते" असं कोणीतरी सांगून ठेवलेलं. रिकामी मोटर पण पाच-सहा अँपिअर ओढतेच की. मी त्यांना म्हणलं, भाभी, डबे ठेवून घ्या, चिठ्ठी लावा, आणि सकाळी दहा ते दुपारी चार ह्या वेळात सलग दळा. टाकी लावली, पट्टे बदलले, अँपिअर चौदावर आले. मुलगा म्हणाला, "अंकल, आता सोलर कितीचं लागेल?" आता हा प्रश्न बरोबर वेळेला आला. आधी आला असता तर बोथट दगडासाठी पॅनल बसवले असते.

माझ्या धंद्याच्या विरोधात एक बोलतो. मोटर जळली की वायंडिंग, परत जळली की परत वायंडिंग, हे कुठंतरी थांबवायला पाहिजे. चांगल्या हातानं केलं तरी प्रत्येक जळण्यात आतला लोखंडी कोअर थोडा खराब होतो आणि मोटर जास्त खायला लागते. रोज आठ तास चालणारी मोटर असेल तर तिसऱ्या वेळी माझ्याकडं न येता नवी घ्या. हे वाचून शेजारचे दोन वायंडिंगवाले माझ्याशी बोलणं बंद करतील.

मंगल कार्यालयवाले पण आले होते, छप्पर एवढं मोठं की पन्नास किलोवॅट सहज बसेल. पण त्यांचा वापर लग्नसराईत, आणि तो पण संध्याकाळी. पावसाळ्यात कार्यालयाला कुलूप. मी म्हणलं, आधी त्या हॅलोजन काढा, एकेक हॅलोजन पाचशे वॅटचा, मांडवात माणसं लाईटनंच घामाघूम होतात. एलईडी फ्लड लावा आणि मग एक सीझन जाऊ द्या. त्यांना पटलं नाही असं दिसलं, पन्नास किलोवॅटचा बोर्ड रस्त्यावरून दिसला असता.

सोलर म्हणलं की आपल्याला फक्त पॅनल आणि बिल दिसतं. पण आपल्याच मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरकडं एस फोर एस टेक्नॉलॉजीज ही कंपनी शेतकरी बायकांना उन्हावर चालणारे ड्रायर देऊन कांदा, आलं, टोमॅटो वाळवून घेते, २०२३ साली त्यांना अर्थशॉट हे मोठं आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालं. आणि किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवच्या गावांत उभं राहिलेलं स्वयं शिक्षण प्रयोगचं काम बघा, त्यांनी गावातल्याच बायकांना सोलरचे दिवे आणि सुधारित चुली दारोदार विकायला तयार केलं, २०१६ ला त्याची दखल संयुक्त राष्ट्रांनी घेतली. ह्याचं कारण मला तरी सोपं वाटतं. गावातली ओळखीची बाई दिवा विकून गेली आणि तो बंद पडला तर तिच्या दारात जाऊन विचारता येतं. टाय लावून आलेल्या पोराला कुठं शोधणार? म्हणून काकूंना पण म्हणलं, दोनचार हजार जास्त गेले तरी चालतील, पण ज्याचं दुकान आपल्या नाहीतर शेजारच्या तालुक्यात आहे त्याच्याकडूनच घ्या. पाच वर्षं देखभाल त्यानंच करायची असते, हे करारात असतं, वाचून घ्या.

ज्यांच्याकडं नवीन टीओडी मीटर, म्हणजे कोणत्या वेळेला किती युनिट वापरलं हे मोजणारा मीटर, बसलाय त्यांनी अजून एक ध्यानात ठेवा, घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मध्ये वापरलेल्या युनिटला सवलत मिळते, १ जुलै २०२५ पासून. तेव्हा बोअर, मिक्सर, इस्त्री, वॉशिंग मशीन दिवसा उरका. सोलर नसलं तरी फायदा, सोलर असलं तर वीज तिथल्या तिथं वापरली जाते.

बाकी, रविवारी माझं दुकान बंद असतं, सकाळी घरीच असतो. बिल बघून घ्यायचं असेल त्यांनी यावं. येताना वर्षभराची बिलं आणा, नसतील तर महावितरणच्या अॅपवरून काढा. एकट्या मे महिन्याचं बिल घेऊन येऊ नका, ते बघून तर मला पण तीन किलोवॅटच वाटायला लागतं. आणि गच्चीचा फोटो आणा, टाकी, जिना, शेजाऱ्याचं झाड, वाळवणाच्या दोऱ्या सगळं दिसेल असा.